आठवड्यातला एकच फोटो

रविवारी सकाळी आठ वाजता टिळकवाडीतल्या एका घराच्या पडवीत आम्ही सात-आठ जण जमतो. चहाबरोबर कधी पोहे असतात, कधी इडली. प्रत्येकाजवळ एक पाकीट असतं आणि त्या पाकिटात एकच फोटो. सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत स्वतः काढलेला आणि स्वतःला सर्वांत जास्त आवडलेला.

आमच्यापैकी फोटोवर पोट भरणारा एकही नाही. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी ऐन उमेदीत घरच्या न्हाणीत लाल दिवा लावून डार्करूम थाटली होती. धारवाडचं माहेर असलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक अक्का आहेत. एक औषध दुकानदार, एक शाळेतल्या बाई, दोन-तीन विद्यार्थी आणि मी. आमच्या मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच. नियम मात्र आहेत.

पहिला नियम असा की मोबाइलवर काढलेला फोटो चालतो, मोबाइलवर दाखवलेला चालत नाही. कागदावर छापूनच आणायचा. दुसरा, फोटो हातोहात फिरत असताना काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. इतरांनी त्यात काय दिसतं ते सांगायचं. मराठीत सांगा, नाहीतर कन्नडमध्ये. काका "झकास" म्हणतात, अक्का "चलो ऐती" म्हणतात, आणि दोघांना एकमेकांचं बरोबर कळतं. 'छायाचित्र' हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे. फोटो फिरून परत आला की मग शेवटी काढणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, "हाच का?"

हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. उत्तर देताना भल्याभल्यांची त्रेधा उडते.

आमच्या पिढीला निवड करावी लागत नसे, कारण मुळात फोटोच कमी निघत. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. एकाच रोलमध्ये गणपती, दिवाळी आणि कुणाचं तरी बारसं बसवायचं. पुढे पस्तीस मिलिमीटरचा छत्तीस फोटोंचा रोल आला, तेव्हा आम्हाला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. आता मोजदादच उरली नाही. एका लग्नात घरातले चार जण मिळून हजारभर फोटो काढतात आणि वर्षभरात त्यातले चारही कुणी उघडून पाहत नाही. निवड आधी रोल करून द्यायचा, आता ती आपल्यालाच करावी लागते. म्हणून आमचा 'एकच' हा हट्ट.

हौशी माणसांनी एकत्र बसून एकमेकांची छायाचित्रं पाहायची, ही चाल काही आमची नव्हे. छायाचित्रणाची कला फ्रान्समध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगाला खुली करण्यात आली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. घराणं मूळचं गोव्यातलं, व्यवसाय वैद्यकीचा आणि नाद कॅमेऱ्याचा. आपल्या भागाचंच उदाहरण घ्या. धारवाड आणि म्हैसूरकडच्या वास्तुशिल्पांवर १८६६ साली एक मोठा सचित्र ग्रंथ निघाला. त्यातली छायाचित्रं पिगू, नील आणि बिग्ज या तिघांची. पहिले दोघं डॉक्टर, तिसरा तोफखान्यातला अधिकारी. ऐहोळे-बदामीची देवळं दीडशे वर्षांपूर्वी कशी दिसत होती हे आज आपल्याला पाहता येतं, ते अशा माणसांमुळे.

आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या रविवारी तो हमखास किल्ल्यातल्या कमल बस्तीचा फोटो आणतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली, बिचिराजानं बांधलेली ही बस्ती. छतावरचं ते दगडी कमळ आहेच तसं. पण असे कमळाचे फोटो आम्ही पंचवीसएक तरी पाहिले असतील, आणि "हाच का?" या प्रश्नाला दर वेळी एकच उत्तर येतं, "सुंदर आहे म्हणून." काका म्हणतात, "सुंदर ते कमळ. त्यात तुझं काय?" एकदा शाळेतल्या बाईंनी त्याच बस्तीच्या पायरीखाली काढून ठेवलेल्या चपलांचा फोटो आणला. मोठ्या माणसांच्या दोन जोड्या आणि मधे एका लहान मुलाची एकच चप्पल. दुसरी पायात ठेवूनच पोरगं आत पळालं असणार. तो फोटो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

अक्कांनी एकदा ज्वारीच्या भाकरीचा फोटो आणला होता. पूर्वेच्या खिडकीतून येणारं कोवळं ऊन, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी आणि तिच्या कडेनं निघणारी वाफ. ऊन वाफेच्या मागून येत होतं आणि मागची भिंत काळपट होती, म्हणून वाफ उठून दिसली. समोरून उजेड पडला असता तर ती दिसलीच नसती. हे तंत्र झालं. "हाच का?" म्हटल्यावर अक्का म्हणाल्या, "तीस वर्षं रोज भाकरी थापते. वाफेकडे कधी बघितलंच नव्हतं."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, साऱ्या नद्या एकदम पात्र सोडून बाहेर आल्या. गोकाकसारख्या गावांत पाणी शिरलं, खेडीच्या खेडी शाळांमध्ये मुक्कामाला गेली. पाणी ओसरू लागल्यावर १८ ऑगस्टच्या रविवारी आम्ही भेटलो. दुसऱ्या दिवशी जागतिक छायाचित्रण दिन होता आणि आमच्यातल्या एका विद्यार्थ्याला एका स्पर्धेसाठी फोटो पाठवायचा होता. तो त्यानं आणला होता.

शाळेचा वर्ग. फळ्यावर अजून पाढे लिहिलेले. त्याखाली भिंतीला टेकून बसलेली एक आज्जी, पदर तोंडात धरून रडणारी. खिडकीचा उजेड नेमका चेहऱ्यावर. फोटो म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. तो हातोहात फिरला आणि पडवीत कुणीच काही बोलेना.

"हाच का?" मी विचारलं.

"सर, बक्षीस मिळेल असा हाच आहे," तो सरळ म्हणाला. पोरगा प्रामाणिक आहे.

अक्कांनी विचारलं, "तिला विचारलंस काय रे?"

त्यानं विचारलं नव्हतं. मग वाद झाला. औषध दुकानदार म्हणाले, पुराचे फोटो पाहूनच तर लोकांनी मदत पाठवली, विचारत बसलं असतं तर कसं व्हायचं? त्यांचंही खोटं नव्हतं. बाई म्हणाल्या, वर्तमानपत्राच्या फोटोतून तिला मदत मिळते, स्पर्धेच्या फोटोतून तिला काय मिळतं? अखेर असं ठरलं की त्यानं प्रिंट घेऊन तिच्याकडे जावं, विचारावं आणि ती म्हणेल तसं करावं. सोबतीला मी गेलो.

तोवर आज्जी घरी परतल्या होत्या. घर म्हणजे चिखल काढलेल्या दोन खोल्या. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ. पोरानं कन्नडमध्ये सगळं सांगितलं आणि प्रिंट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि चारपाईवर पालथा ठेवला. रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक ओला गठ्ठा घेऊन आल्या. ट्रंकेतले घरातले सगळे फोटो, एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. "इष्ट उळदैती नोड्री," त्या म्हणाल्या. बघा, एवढंच राहिलंय. त्यात नवऱ्याचा एक फोटो होता. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि दुसरा फोटो नव्हता.

तो गठ्ठा आम्ही काकांकडे आणला. फोटोचा कागद आणि पाणी यांचं नातं आमच्यात त्यांना एकट्यालाच ठाऊक. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यानं तो थर फुगतो, मऊ होतो. ओला असेपर्यंत फोटो सुटण्याची आशा असते. चिकटलेले तसेच वाळले की एकाचा थर दुसऱ्यावर कायमचा बसतो. काकांनी टबात स्वच्छ थंड पाणी घेतलं आणि गठ्ठा त्यात सोडला. ओढायचं नाही, नखानं सोडवायचं नाही, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. पाणी शिरेल तसा एकेक फोटो आपोआप सुटू द्यायचा. गढूळ झालं की पाणी बदलायचं. सुटलेला फोटो चित्र वर ठेवून सावलीत पांढऱ्या सुती कापडावर पसरायचा. वर्तमानपत्रावर नाही, त्याची शाई लागते. उन्हात तर मुळीच नाही, कागद वळतो आणि थर तडकतो.

रात्री अकरापर्यंत आम्ही पाणी बदलत होतो. एकतीस फोटोंपैकी नऊ नीट निघाले. अलीकडच्या रंगीत फोटोंचे रंग कडेनं वाहून गेले होते. जुने कृष्णधवल चिवट निघाले. नवऱ्याचा तो एकटा फोटो मात्र दुसऱ्या फोटोला तोंडाला तोंड लावून चिकटला होता. सुटला, पण चेहरा राहिला नाही.

मग त्या पोरानं नऊही फोटो भिंगाखाली धरून पाहिले. कुणाच्या तरी लग्नाच्या एका कृष्णधवल फोटोत, मागच्या रांगेत, फेटा बांधलेला एक तरुण उभा होता. चेहरा हरभऱ्याएवढा. दुसऱ्या दिवशी आज्जींना विचारलं, त्यांनी ओळखलं. पोरानं त्याचा कॅमेऱ्यानं फोटो घेतला, मोठा केला, त्यावर चार रात्री काम केलं. चेहरा दाणेदार, जरा धुरकटच आला. आज्जींनी तो हातात घेतला आणि विचारलं, "याला चौकट करता येईल का?"

पुढच्या रविवारी त्यानं आणलेला फोटो असा होता. काकांची पडवी, पांढऱ्या धोतरावर ओळीनं वाळत घातलेले फोटो आणि कडेला काकांचे म्हातारे, पाण्यानं सुरकुतलेले हात. "हाच का?" हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. रडणाऱ्या आज्जींचा फोटो त्यानं स्पर्धेला पाठवला नाही. तो त्याच्याकडे आहे, पण कुणाला दाखवत नाही.

त्या आठवड्यानंतर आमच्या मंडळात दोन गोष्टी नव्या आल्या. माणसाचा फोटो काढला तर त्याची एक प्रत त्या माणसाला द्यायची, ही पहिली. दुसरी गोष्ट तुम्हालाही घरी करता येईल, म्हणून सांगतो.

आठवड्याला एकच फोटो निवडा. शक्यतो घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडा आणि तो छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा, कोण, कुठे, कधी. बॉलपेननं लिहू नका, दाब पडला की पुढच्या बाजूला उमटतो. फोटो तळातल्या ट्रंकेत न ठेवता वरच्या फळीवर ठेवा. आणि कधी पाणी लागलंच तर घाबरून उन्हात टाकू नका. लगेच धुणं जमणार नसेल तर ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, वेळ मिळतो. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्याची शाई विरघळते.

मागे लिहिताना जमलं तर दोन्ही भाषांत लिहा. आमच्या घरातल्या जुन्या फोटोंवर आजोबांनी मोडीत लिहून ठेवलंय. घरात ते कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळे एका फोटोतल्या तीन माणसांची नावं आमच्या हातात असून नसल्यासारखी आहेत. आपल्या घरांत आजीला मराठी वाचता येतं, नातवाला कन्नड. फोटो दोघांचा आहे, तेव्हा नाव दोघांना वाचता यायला हवं.

येत्या रविवारसाठी माझ्याजवळ अजून फोटो नाही. आज गुरुवार आहे. दोन दिवस आहेत.