निबर होत जाणारे मूत्रपिंड

बालाघाटच्या सीताफळाची पारख नुसत्या डोळ्यांनी होत नाही, अंगठ्याने हलके दाबून पाहावे लागते. डॉक्टरही पूर्वापार रुग्णाचे पोट असेच चाचपत आले. वाढून निबर झालेले यकृत बोटांना लागते. पण पाठीकडे, बरगड्यांच्या आड दडलेले मूत्रपिंड निबर होऊ लागले तर ते कळायचे कसे?

‘इलॅस्टोग्राफी’ हे तंत्र दाबून पाहण्याचे काम ध्वनिलहरींकडून करून घेते. १९९१ साली अमेरिकेत जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी ते या नावाने मांडले. सोनोग्राफीचाच हा पुढचा टप्पा. आजच्या यंत्रात ध्वनीचा एक सूक्ष्म धक्का अवयवाला दिला जातो. त्याने आत एक तरंग उठतो. मऊ भागात तो सावकाश सरकतो, कडक भागात झपाट्याने. त्याचा वेग मोजला की कडकपणाचा आकडा हाती येतो. यकृतासाठी ही तपासणी आता चांगली रुळली आहे.

रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, गाळणीला रक्त कमी पोहोचते आणि तिथे व्रण धरतो. दुखत काहीच नाही. रक्तातले क्रिएटिनीन वाढलेले दिसते, तोवर बहुधा निम्मी गाळणी गेलेली असते. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. कर्ज थकीत म्हणून कागदावर चढते, तेव्हा ते कधीचेच बुडालेले असते.

म्हणून या यंत्राचे आकर्षण. पण मूत्रपिंड यकृताइतके सरळ नाही. व्रणाने ते कडक होते, तर रक्तपुरवठा घटला की मऊ लागते. दोन्ही एकदम घडले तर आकडा फसवा ठरतो. शिवाय अवयव खोल, आणि तरंग कोणत्या दिशेने गेला यावरही वेग बदलतो. त्यामुळे मूत्रपिंडासाठी हे तंत्र अजून मुख्यतः संशोधकांच्याच हाती आहे.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. बीड जिल्ह्यात सोनोग्राफी या शब्दाला एक काळी आठवणही चिकटली आहे. २०११च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली भरल्या. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने सोनोग्राफी यंत्रांना नोंदणी सक्तीची आहे. मूत्रपिंड तपासायला आणलेले यंत्रही त्यातून सुटत नाही, सुटूही नये.

याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले कोयते उसाच्या पट्ट्याकडे निघतात. उन्हात पाणी कमी, अंग मोडून येणारे काम आणि त्यावर वेदनाशामक गोळी. चढा रक्तदाब असलेल्याने ही गोळी वारंवार घेतली, तर मूत्रपिंडाला ती बाधते. अशा माणसाला आज हवा तो दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि लघवीतले अल्ब्युमिन दाखवणारी तपासणी. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वारंवार भरला, तर तो रक्तदाबच.

या दोन तपासण्या गाडी भरण्याआधी, गावातच व्हाव्यात. मुकादम माणसे मोजतोच, त्याच दिवशी परिचारिकेनेही बसावे. रक्तदाब निघेल त्याच्या हाती महिन्याच्या नव्हे, हंगाम सरेपर्यंतच्या गोळ्या द्याव्यात आणि सोबत एक कार्ड, कारखान्याच्या गावातल्या डॉक्टरला दाखवण्यापुरते.