वजाबाकीतला आनंद

१० जुलै २०१८. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, वसई ते विरार लोकल ठप्प झाली आणि तिथेच अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. वसई पूर्वेच्या सखल पट्ट्यातल्या एव्हरशाईन सिटीत रस्ते तुंबले होते, वीज गेली होती. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही, पंप नाही. बाहेर पाणीच पाणी आणि घरात नळ कोरडा! अशा खोळंब्यानंतर दिवे लागतात तेव्हा साऱ्या सोसायट्यांमधून एकदम आरोळी उठते, "आली, आली!" ती इथल्या कुणालाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नवल पुढे आहे. तीच वीज आदल्या आठवड्यातही होती. तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं.

असं का, याचा एक धागा माकडांच्या मेंदूत सापडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस देऊन डोपामिन स्रवणाऱ्या पेशींची हालचाल टिपली. रस अचानक मिळाला की पेशी उसळायच्या. दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला पक्कं कळल्यावर मात्र रस येऊनही त्या ढिम्म! आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावायच्या. म्हणजे या पेशी रस मोजतच नव्हत्या. अपेक्षा आणि पदरात पडलेलं, यांतला फरक त्या मोजत होत्या. बटण दाबलं की दिवा लागणारच, असं धरून चालणाऱ्या आपल्याला रोजच्या विजेचं अप्रूप का नाही, त्याचा अंदाज यावरून बांधता येतो.

विरार लोकलचंही तेच. तिच्या गर्दीला जन्मभर शिव्या घातलेली माणसं मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे ती बंद पडल्यावर तिच्यासाठी झुरली. १५ ऑगस्ट २०२१ला लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी ती खुली झाली, तेव्हा दारातला धक्काही काहींना गोड लागला असेल. आठवडाभर तरी!

मग आनंदासाठी दरवेळी पूरच यायला हवा का? नाही, कल्पनेतली वजाबाकी पुरते. मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये जोडीदार असलेल्या लोकांच्या दोन गटांना लिहायला बसवलं. 'आपण कसे भेटलो' हे एका गटाने लिहिलं, 'आपण कधी भेटलोच नसतो तर' हे दुसऱ्याने. जोडीदाराबद्दलचं समाधान वाढलं ते दुसऱ्या गटाचं. मला तरी हा प्रयोग थक्क करून सोडतो. सुखाची आठवण काढण्यापेक्षा ते हुकलं असतं, ही कल्पना अधिक कामाला आली.

आणि संकट खरोखरच मुक्कामाला आलं असेल तर? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलक यांनी २००३च्या अभ्यासात मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेल्यांना २१ दिवस, रोज, कशाबद्दल आभारी वाटतं ते लिहायला लावलं. त्यांना झोप अधिक आणि चांगली लागली, मन हलकं झालं. घरच्यांनीही फरक टिपला. आजार होता तिथेच होता.

म्हणूनच 'कृतज्ञ राहा, तक्रार करू नका' असं सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. वहीत लिहिल्याने नाला साफ होत नाही. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो, आणि तो हक्कच आहे.

वही मात्र रोज उघडायलाच हवी असं नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना जास्त फायदा झाला होता. तेव्हा रविवारी एकदा बसा, घरातली एखादी गोष्ट किंवा एखादं माणूस निवडा आणि पहिलं वाक्य 'हे नसतं तर...' असं लिहून पाहा.