बाणगंगेकाठची राजधानी

फलटणला लोक थांबत नाहीत. शिखर शिंगणापूरला किंवा पंढरपूरला जाताना एसटी स्टँडवर गाडी दहा मिनिटं लागते, चहा होतो आणि 'फलटण गेलं' एवढीच नोंद मनात राहते. मीही कित्येक वर्षं असाच पुढे गेलो. थांबलो ते भाच्यामुळे. त्याने बुडापेस्टची चार दिवसांची सहल आखली होती आणि ती वही मला दाखवायला आणली होती. मुक्काम जुन्या गावातच, पहिला दिवस पूर्ण पायी, राजवाडा सकाळच्या उन्हात, संध्याकाळ डॅन्यूबवरच्या साखळी पुलावर. वाचता वाचता वाटलं, ही आखणी जशीच्या तशी लागू पडेल असं गाव आपल्याजवळ आहे. तिथे नदी आहे, राजवाडा आहे, राजवाड्याला लागून राममंदिर आहे. शिवाय १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत ते नाईक निंबाळकरांच्या संस्थानाची राजधानीच होतं.

नदीबद्दल आधीच सांगून ठेवतो. बाणगंगा सीतामाईच्या डोंगराकडून येते, फलटणमधून जाते आणि पुढे नीरेला मिळते. मुलूख पर्जन्यछायेतला, पाऊस जेमतेम. त्यामुळे वर्षातले बरेच महिने पात्रात पाण्यापेक्षा दगडगोटेच जास्त दिसतात. नदी वाहती बघायची तर पावसाळ्याच्या शेवटी या. पण माझं मत विचाराल तर मार्गशीर्षात या. हवा कोरडी आणि गार असते, आणि देवदिवाळीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, श्रीरामाचा रथ निघतो. गावातल्या रस्त्यांवरून भाविक तो हातांनी ओढत नेतात. त्या दिवशी पंचक्रोशी फलटणमध्ये उतरते. गर्दी नको असेल तर पुढच्या आठवड्यात या, पण मग रथ हुकेल आणि त्याची हळहळ लागेल.

पुण्याहून जेजुरी, नीरा, लोणंद असा रस्ता आहे, अंतर सुमारे ११० किलोमीटर. लोणंदहून फलटणपर्यंतचा रेल्वेमार्ग २०१९ मध्ये सुरू झाला. गाडीची वेळ जुळली तर रेल्वेनेच या. ऊस आणि माळ यांची अदलाबदल खिडकीतून नीट बघता येते. कालव्याचं पाणी पोचलं तिथे हिरवं, नाही पोचलं तिथे करडं. तालुक्याची सगळी कहाणी त्या दोन रंगांत आहे.

पहिली सकाळ मुधोजी मनमोहन राजवाड्याची. आत जायला मिळेल का, हे दारावरच विचारून घ्या. चित्रीकरणं चालू असतात, तेव्हा काही भाग बंद राहू शकतो. आत गेलात तर घाई करू नका. चौकात उभं राहून लाकडी खांबांकडे बघा. एकेका खांबावरचं कोरीवकाम नजरेच्या उंचीवर थांबत नाही, ते वर तुळईपर्यंत चढत जातं. एका खांबाशी मी बराच वेळ उभा होतो. हात लागतो तेवढ्या उंचीपर्यंत लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालेलं, त्याच्या वर नक्षीच्या कडा अजून तीक्ष्ण. किती माणसं या खांबाला टेकून उभी राहिली असतील, हे त्या एका रेषेवरून कळतं.

हे घराणं मूळचं धारच्या पवारांचं मानलं जातं. जवळच्या निंबळक गावी ते स्थिरावले आणि निंबाळकर झाले. सईबाई याच घराण्यातल्या. १६४० मध्ये त्यांचा शिवरायांशी विवाह झाला, १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजे जन्मले आणि दोनच वर्षांत राजगडावर सईबाई गेल्या. म्हणजे फलटण हे संभाजीराजांचं आजोळ. सोयरीक तेवढीच नव्हती. मालोजीराजे भोसल्यांची पत्नी निंबाळकरांची लेक होती, आणि पुढे शिवरायांनी आपली सखुबाई बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजींना दिली. विजापूर दरबारात बजाजींना धर्म बदलावा लागला होता. त्यांना परत घेतल्यावर समाजाने तोंड फिरवू नये म्हणून राजाने स्वतःची लेक त्या घरात दिली, असा या सोयरिकीचा अर्थ लावतात. मला तो पटतो.

राजवाड्याला लागून असलेलं राममंदिर बघून जबरेश्वराकडे चालत जा. हे देऊळ काळ्या दगडाचं, लोक ज्याला हेमाडपंती म्हणतात त्या बांधणीचं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात त्याचं कोरीवकाम सपाट दिसतं. ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा साडेचारनंतर गेलात तर प्रत्येक थर आपापल्या सावलीसकट पुढे येतो. देऊळ एकच, पण मी ते दोन वेळांना पाहिलं आणि दोन निराळी देवळं पाहिल्यासारखं वाटलं.

फलटणमध्ये मला सर्वांत जास्त गुंतवलं ते महानुभावांनी. या पंथाच्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी प्रभू फलटणचे. पंथाला हे गाव दक्षिण काशी वाटतं. आबासाहेब मंदिरात गेलात की 'दंडवत प्रणाम' कानावर पडेल, उत्तरही तसंच द्या. चक्रपाणींची एक गोष्ट इथे बसून आठवावी. ते फलटणहून माहूरला गेले, तिथून द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला. तिथे हातात खराटा आणि सूप घेऊन ते रस्ते झाडत, केर सुपात भरत आणि गोमतीत टाकत. राजधानी म्हटलं की आपण तलवार आणि सिंहासन शोधतो. या राजधानीने दिलेला मोठा माणूस खराट्याचा आहे. पुढे चक्रधर स्वामींचा पंथ याच परंपरेतून उभा राहिला आणि मराठी गद्यातला लीळाचरित्रासारखा ग्रंथ आपल्याला मिळाला.

संध्याकाळी बाणगंगेवरच्या पुलावर थोडा वेळ उभे राहा. पलीकडे दिवे लागतात, देवळातल्या घंटा ऐकू येतात.

दुसरा दिवस पायात बळ असेल तर संतोषगडाचा. वीसेक किलोमीटरवर ताथवड्याला गाडी ठेवायची आणि चढायचं. वरून महादेवाच्या डोंगररांगा पसरलेल्या दिसतात. नाहीतर चाळीसेक किलोमीटरवर शिखर शिंगणापूर आहे. भोसल्यांचं ते कुलदैवत, मालोजीराजांनी तिथे तळं बांधलं. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, दोन्हीचा चुराडा होतो.

आणि गावातच राहायचं ठरवलंत तर आजचं फलटण बघा. १९६८ मध्ये सुरू झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडई, शेळ्यामेंढ्या असल्या कोरडवाहू माणसाच्या गरजांवर आयुष्यभराचं काम केलं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि मग इथल्याच होऊन राहिल्या. त्यांनी उभं केलेलं कमला निंबकर बालभवन मराठी माध्यमाचं आहे. भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर याही जन्माने अमेरिकन. शाळा चालू असताना पर्यटक म्हणून आत शिरू नये, पण या दोन स्त्रियांची नावं फलटणच्या इतिहासात राजघराण्याशेजारी लिहिली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

आषाढीच्या आधी आलात तर सगळी आखणी बाजूला ठेवा. माऊलींची पालखी नीरा ओलांडून येते, लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आणि तरडगावनंतरचा मुक्काम फलटणच्या विमानतळावर पडतो. त्या मोकळ्या मैदानात राहुट्या लागतात, चुली पेटतात, आणि एका रात्रीत गावाशेजारी दुसरं गाव वसतं. पहाटे ते उठून बरडच्या दिशेने चालू लागतं.

भाचा बुडापेस्टहून परत आल्यावर त्याची वही मी मागून घेतली. मागची पानं कोरी होती. त्यावर त्याने आता देवदिवाळीची तारीख लिहून ठेवली आहे, आणि खाली मुक्कामासाठी खोली आधी ठरवायची, असं बजावलंय.