वजन उतरले, त्वचा उरली

इंग्लंडमधील इप्सविचचे पॉल मेसन हे एकेकाळी टपालवाटपाचे काम करीत. पुढे त्यांचे वजन सुमारे ४४० किलोपर्यंत गेले. २०१० मधील जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर त्यातील निम्म्याहून अधिक भार उतरला. पण अंगावर त्वचेच्या जड घड्या लोंबत राहिल्या. त्या घासून फाटत. अखेर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका महिला शल्यविशारदांनी ती त्वचा विनामूल्य काढली.

दीर्घकाळ ताणलेल्या त्वचेतील लवचिक तंतू क्षीण होतात, म्हणून मेद गेला तरी ती पूर्ववत आकसत नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात, सैल त्वचा मात्र जात नाही. कोणतेही मलम ती नाहीशी करीत नाही. पोटाखालच्या घडीत घाम साचतो, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो. दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यास हा त्रास अधिकच जाणवतो.

शस्त्रक्रिया हा उपाय आहे. परंतु त्यासाठी घाई नको. वजन किमान सहा महिने स्थिर असावे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो. धूम्रपान बंद आणि मधुमेह आटोक्यात हवा. जखम भरण्यास प्रथिने लागतात. शाकाहारी व्यक्तींनी लोह व बी-१२ यांची तपासणी अवश्य करावी. दीर्घ उपवासाचा संकल्प असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा. व्रण कायम राहतात; द्रव साचणे, संसर्ग, रक्ताची गुठळी हे धोकेही असतात.

खर्चाचा विचारही आधीच व्हावा. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे. अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्यावरील थेट व तातडीचा धोका दूर करणारे आवश्यक उपचार एवढेच अपवाद. अशा आवश्यकतेस डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. म्हणून संसर्गाच्या उपचारांची कागदपत्रे जपावीत आणि विमा कंपनीची लेखी पूर्वसंमती घ्यावी.

‘एवढे वजन उतरवले, आता आणखी काय हवे?’ असा प्रश्न घरात सहज विचारला जातो. ज्याने वर्षानुवर्षे जिभेवर संयम ठेवला, त्याला हा प्रश्न बोचतो. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. त्याची वेदना ही हौस नव्हे, एवढे मात्र घरच्यांनी ओळखावे.