मालकाचा रविवार

डिचोली तालुक्यातल्या शिरगावाने थांबण्याचे दोन प्रकार पाहिले आहेत. पहिला दरवर्षीचा. वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराई देवीची जत्रा भरते. त्याआधी धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, व्रताला बसतात: सोवळे, शाकाहार, तळीवरचे स्नान, मांडवातला मुक्काम. हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन होमकुंडातून चालून जाणाऱ्या या धोंडांत दुकानदार असतो, कारकून असतो, ट्रकमालकही असतो. व्रताचे दिवस पंचांगाने ठरवलेले, त्यामुळे गल्ल्यावर कोण बसणार, गाडी कोण काढणार, हे आधीच ठरवावे लागते.

दुसरा प्रकार 2012 चा. सप्टेंबरात राज्य सरकारने गोव्यातले खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. पुढे उत्खननावर मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर यंत्रे पुन्हा बंद पडली. टिप्पर दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. काम नव्हते, पण झोपही नव्हती. नुसता हात रिकामा झाला म्हणून विसावा मिळत नाही. तो आधी ठरवून, धंद्याची घडी बसवून घ्यावा लागतो.

लईराईसह सात बहिणींपैकी एक मिराबाई, तीच म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, अशी इथली श्रद्धा आहे. तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. बहिणीच्या या दुसऱ्या घरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मात, विसाव्याचा नियम दहा आज्ञांतच घातलेला आहे. आणि तो बोलतो मालकाशी. सातव्या दिवशी तू काम करू नकोस, तुझ्या मुलांनी, नोकरांनी, जनावरांनी, तुझ्या वेशीतल्या परक्यानेही करू नये, असा त्याचा आशय. लेवीय पुस्तकात तर जमिनीलाही सातव्या वर्षी पडीक ठेवायला सांगितले आहे. ज्याच्या शब्दावर इतरांचे राबणे अवलंबून असते, त्यानेच आधी थांबायचे, अशी ही रचना.

ख्रिस्ती लोकांनी हा दिवस रविवारी पाळला. सन 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने शहरातली न्यायालये आणि कारागिरांची कामे रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र सूट दिली, कारण पीक कोणासाठी थांबत नाही. आपल्याकडे गिरणी कामगारांचा रविवार आणला तो महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, अर्ज केले, सभा घेतल्या आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कामगारांच्या मनाला पटणारे कारण होते. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्याच 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपल्या पत्रात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला.

मालकाचे काय? 1948 च्या कारखाना कायद्याने कामगाराला आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि एक सुट्टी दिली, पण देखरेख व व्यवस्थापन करणाऱ्यांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवली. म्हणजे नोकराच्या विश्रांतीला कायद्याचा आधार, मालकाची विश्रांती त्याच्या मर्जीवर. आणि मर्जी कामाकडेच झुकते. सकाळी चर्चमध्ये मीसला (प्रार्थनाविधीला) जाऊन आलेला मालक दुपारी जेवताजेवता मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, "ते बिल गेलं का?" एका ओळीत दोघांचाही रविवार संपतो.

अमेरिकेत ट्रूएट कॅथी या बॅप्टिस्ट माणसाने 1946 मध्ये अटलांटाजवळच्या हेपव्हिलला भावाबरोबर छोटे खानावळवजा हॉटेल काढले. आठवड्याचे सहा दिवस ते चोवीस तास उघडे आणि रविवारी बंद, म्हणजे नोकरांना विसावा घेता यावा आणि ज्याला प्रार्थनेला जायचे त्याला जाता यावे. त्यातून उभी राहिलेली चिक-फिल-ए ही मोठी साखळी आजही रविवारी कुलूप लावते.

गोव्यात हे जसेच्या तसे जमणार नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर गेस्ट हाउस चालवणाऱ्या कुटुंबाचा रविवार हाच कमाईचा दिवस. चर्च शनिवार संध्याकाळची मीस रविवारची मानते. त्यामुळे ती गाठून मंगळवार सुट्टीचा ठेवणे अशा घराला परवडते. वार कुठला, यापेक्षा तो हलत नाही हे महत्त्वाचे. बोटमालकांना तर 1 जून ते 31 जुलै माशांच्या विणीच्या काळात यांत्रिक मासेमारी बंदच ठेवावी लागते. त्याच दिवसांत जाळी दुरुस्त होतात आणि 29 जूनला सां पेद्रूच्या फेस्ताचा सांगोड, म्हणजे होड्या जोडून केलेला तराफा, निघतो. शिवाय बाग्याला जेझुइटांचे रिट्रीट हाउस आहे. तिथे मौन पाळायचे, म्हणजे फोनही आपोआप बाजूला.

शुभवर्तमानातली एक गोष्ट उद्योजकाला जवळची वाटेल. शिष्य काम करून परतले, लोकांच्या वर्दळीत त्यांना जेवायलाही फुरसत नव्हती. येशूने त्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितले, सगळे मचव्यात बसले. पण लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे हजर! गिऱ्हाईक तेव्हाही पाठ सोडत नव्हते. विसावा मिळाला तो मचव्यातल्या प्रवासापुरता.

तेवढा तरी मिळावा यासाठी शनिवारी संध्याकाळी तीन गोष्टी कराव्यात. सही कोण करणार ते ठरवावे, किती रकमेपर्यंत विचारायची गरज नाही ते सांगावे आणि खरी आणीबाणी कशाला म्हणायचे ते लिहून द्यावे. सुरुवातीला चुका होतील, एखादी ऑर्डर जाईल. पण मालक नसताना एका दिवसात धंदा कोलमडत असेल, तर दोष सुट्टीला देता येणार नाही. इतकी वर्षे कोणालाच काम शिकवले नाही, तिथे तो आहे.