रोबोटची स्थळओळख

अनोळखी परिसरात फिरणारा रोबोट चाकांच्या फेऱ्या मोजून आपले स्थान ठरवतो, तेव्हा प्रत्येक मापातली किंचित चूक पुढच्या मापात मिसळत जाऊन त्याचा नकाशा वास्तवापासून सरकत राहतो. पूर्वी पाहिलेली जागा कॅमेऱ्याने पुन्हा ओळखली, तर ही साचलेली चूक दुरुस्त करता येते. मात्र हजारो जुनी छायाचित्रे एकेक करून ताडणे वेळखाऊ असल्याने, जोसेफ सिविक आणि अँड्र्यू झिसरमन यांनी २००३ मध्ये मांडलेली युक्ती येथे उपयोगी पडली: चित्रातील ठळक लहान भागांचे साम्यानुसार गट पाडून प्रत्येक गटाला ‘दृश्य-शब्द’ मानायचे आणि, ग्रंथाच्या शेवटच्या सूचीप्रमाणे, कोणता शब्द कोणत्या चित्रांत येतो याची नोंद ठेवायची. ऑक्सफर्डच्या मार्क कमिन्स व पॉल न्यूमन यांच्या ‘फॅब-मॅप’ या पद्धतीने (२००८) यात संभाव्यतेचे गणित आणले, आणि ही भर खरोखर मोलाची होती, कारण सर्वत्र दिसणाऱ्या विटांच्या भिंती जुळल्या म्हणून जागा तीच ठरत नाही, आणि चुकीची ओळख ही ओळख न पटण्यापेक्षा नकाशाला अधिक घातक असते.

ऋतू बदलला की दृश्य-शब्दही बदलतात. म्हणून मायकेल मिलफर्ड व गॉर्डन वायथ यांनी २०१२ मध्ये एकेका चित्राऐवजी चित्रांचा क्रम जुळवण्याचा मार्ग सुचवला. नॉर्वेच्या नूरलान रेल्वेमार्गाचे चारही ऋतूंत केलेले चित्रण अशा पद्धतींची कसोटी ठरले असून, बर्फाखाली गेलेला मार्गही क्रमावरून ओळखता येतो, परंतु त्यासाठी रोबोटने जवळपास त्याच वाटेने जाणे आवश्यक असते.