पृष्ठभंग आणि रूपावलीचे कोष्टक

‘जा’ या धातूच्या भूतकाळी रूपांचे कोष्टक एखाद्या प्रबंधात छापलेले आहे, अशी कल्पना करावी. त्यात वचन, सर्वनाम आणि रूप असे तीन रकाने आहेत. ‘अनेकवचन’ हा शब्द एकदाच, पाच ओळींना व्यापणाऱ्या एका उंच घरात घातला आहे. त्यापुढे आम्ही गेलो, तुम्ही गेलात, ते गेले, त्या गेल्या, ती गेली अशी रूपे येतात. आता यांतील शेवटची ओळ तेवढी पुढील पानावर गेली, तर तेथे वाचकास ‘ती गेली’ एवढेच दिसेल आणि तो ते स्त्रीलिंगी एकवचन समजेल. वास्तविक ते नपुंसकलिंगी अनेकवचन होय. छपाईत एकही अक्षर चुकलेले नाही, तरी कोष्टकाने चुकीची माहिती दिली. ‘ते गेले’ या रूपाचीही अशीच गत होऊ शकते. मात्र पाठोपाठ ‘त्या गेल्या’ आल्यामुळे तेथे सावध वाचक सावरतो.

हाताने खिळे जुळविले जात तेव्हा पान कोठे तोडावयाचे हे माणूस ठरवीत असे. संगणकाने सिद्ध केलेल्या प्रतीत तो निर्णय आज्ञावलीकडे जातो, आणि आज्ञावलीला ओळींची उंची कळते, त्यांतील नाते कळत नाही. लेटेक या प्रणालीतील ‘टॅब्युलर’ संपूर्ण कोष्टकाची एकच अखंड पेटी मानते. ती पानापेक्षा मोठी झाली की सरळ खालच्या कडेबाहेर जाते. यावर डेव्हिड कार्लाइल यांनी रचलेला ‘लाँगटेबल’ हा संच उपयोगी पडतो. तो दोन ओळींच्या मध्ये पान तोडतो, प्रत्येक नव्या पानावर मथळा पुन्हा छापतो आणि तळाशी ‘पुढे चालू’ अशी सूचनाही घालू देतो. वर्डमध्येही मथळ्याची ओळ पुन्हा छापण्याची सोय आहे.

परंतु या सोयी वरच्या मथळ्यापुरत्याच आहेत. डाव्या बाजूचे ‘अनेकवचन’ हाही एक मथळाच आहे, हे यंत्रास कोणी सांगितलेले नसते. मथळा पुन्हा छापला गेला म्हणून अनेक अभ्यासक निश्चिंत होतात. चूक नेमकी तेथे राहून जाते.

गट लहान असेल तर तो अभंग ठेवता येतो. लाँगटेबलमध्ये ओळ संपविणाऱ्या खुणेपुढे तारका दिली असता त्या जागी पान तुटत नाही. वर्डमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ने तेच साधते. पण बोलीसर्वेक्षणात एका गावाच्या नावाखाली शेकडो ओळी असतात, आणि पानाहून मोठा गट अखंड ठेवता येणे शक्यच नाही. तेथे गावाचे नाव प्रत्येक ओळीत लिहावे, हाच खात्रीचा उपाय. माहितीसंचात ते प्रत्येक नोंदीपुढे बहुधा असतेच. देखणेपणासाठी पुनरुक्ती लपविण्याची सूचना आपणच आज्ञावलीस दिलेली असते. ती काढून टाकावी. पान थोडे दाट दिसेल, ते सोसावे.

याच कारणास्तव रिकाम्या घराविषयीही काटेकोर असावे लागते. रिकामे घर म्हणजे ‘वरीलप्रमाणे’, ‘असे रूप नाही’ की ‘माहिती मिळाली नाही’? एकाच पानावर संदर्भाने हे उमगते. पानाच्या माथ्यावर मात्र ‘वर’ काहीच नसते. यास्तव अभावासाठी आडवी रेघ आणि न मिळालेल्या माहितीसाठी प्रश्नचिन्ह अशा वेगळ्या खुणा ठरवून घ्याव्या, आणि ‘वरीलप्रमाणे’ हा अर्थ रिकाम्या घराकडे सोपवूच नये.

हाताने पान तोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. देवनागरीत वेलांट्या, रफार व उकार यांमुळे ओळीची उंची टंकागणिक बदलते. टंक बदलला, किंवा आधीच्या प्रकरणात एखादा परिच्छेद वाढला, की हाताने घातलेला भंग भलत्याच जागी येतो आणि निम्मे पान कोरे राहते. त्यामुळे पानाचे बंधन ओळींच्या गटास घालावे, पृष्ठक्रमांकास नव्हे. आणि मुद्रिते तपासताना प्रत्येक पानाची पहिली ओळ मागील पान झाकून वाचावी.